धारावीतली प्रिस्क्रिप्शनं आणि बढतीचा तक्ता

मार्च महिना लागला की आमच्या ग्रंथालयात डॉक्टरांची ये-जा वाढते. बढतीचे अर्ज, तपासणीची तयारी, स्वमूल्यमापनाचे फॉर्म, सगळं एकदमच येतं. मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. कोणाचे किती लेख छापून आले, त्यांना किती सायटेशन मिळाली, म्हणजे इतरांच्या लेखांत ते किती वेळा उद्धृत झाले, त्यावरून निघणारा एच-इंडेक्स किती, हे शोधून त्याचा तक्ता करून देणं हा माझ्या कामाचा भाग आहे. काम सोपं वाटतं, पण तसं नाही. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, 'पाटील एस' टाकून बघा, म्हणजे कळेल. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे निम्मे लेख एका नावावर असतात, निम्मे दुसऱ्या.

दोन वर्षांपूर्वी पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यक विभागातल्या एक मॅडम फाइल घेऊन आल्या. मूळ संशोधन लेख मोजकेच होते. सगळ्यात शेवटी प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एक पान काढलं. क्षयरोगाची औषधं मध्येच सोडणाऱ्या रुग्णांबद्दल त्यांनी एका नियतकालिकाला लिहिलेलं पत्र, आणि त्यात एक छोटासा तक्ता.

"सर, हे धरतील का?"

"नाही मॅडम. लेटर टू एडिटर आहे. पत्र धरत नाहीत."

त्यांनी वाद घातला नाही. पान होतं तसं दुमडलं, फोल्डरमध्ये सरकवलं आणि तक्ता कधी मिळेल ते विचारून गेल्या. मी जे सांगितलं ते नियमाला धरूनच होतं. तरीही ते दुमडलेलं पान माझ्या डोक्यातून जाईना, कारण मुंबईतल्या क्षयरोग संशोधनातलं जगभर खूप गाजलेलं एक लिखाण हेही पत्रच आहे. तेव्हा मी ठरवलं की हे प्रकरण नीट मांडायचं. एका संशोधनाची साखळी घ्यायची, आपल्या तक्त्यात ती कशी दिसते ते बघायचं, आणि प्रत्यक्षात तिने काय केलं तेही बघायचं.

तीन लिखाणं, वीस वर्षं

सुरुवात १९९१ ची. डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांचा लेख 'ट्युबर्कल' या नियतकालिकात आला. प्रश्न अगदी साधा होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत खाजगी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर क्षयरोगावर नेमकं काय लिहून देतात? सुमारे शंभर डॉक्टरांना विचारलं, तर उपचाराच्या ८० वेगवेगळ्या पद्धती निघाल्या.

क्षयाच्या उपचारात मनमानी चालत नाही. नव्याने क्षय झालेल्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधं देतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. मग त्यातली काही पुढचे चार महिने. औषध कोणतं, डोस किती, किती दिवस, हे सगळं ठरलेलं आहे, आणि त्यामागे अनेक वर्षांच्या चाचण्या आहेत. बरोबर प्रिस्क्रिप्शन शंभर प्रकारे लिहिता येत नाही. म्हणजे शंभर डॉक्टरांकडून ८० पद्धती निघाल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक चुकीच्याच असणार.

दुसरं लिखाण २०१० चं. डॉ. झरीर उदवाडिया, पिंटो आणि पुन्हा उपलेकर या तिघांनी 'प्लॉस वन'मध्ये लेख दिला. शीर्षकातच प्रश्न होता: दोन दशकांत काही बदललं का? सरकारी क्षयरोग कार्यक्रम तोवर देशभर पोचलेला होता. धारावीतल्या खाजगी डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमात त्यांच्या हाती प्रश्नावली दिली आणि प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. साध्या क्षयासाठी बरोबर प्रिस्क्रिप्शन लिहिणारे फक्त ६. मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे एमडीआर क्षयासाठी योग्य उपचार लिहू शकले फक्त ३. आणि आणखी एक वाक्य त्या लेखात आहे, जे मला सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं: या डॉक्टरांशी स्थानिक क्षयरोग कार्यक्रमाने कधी संपर्कच साधलेला नव्हता. डॉक्टर चुकत होते हे खरं. पण त्यांना बोलवायला, दोन गोष्टी सांगायला कोणी गेलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

तिसरं लिखाण म्हणजे ते पत्र. 'क्लिनिकल इन्फेक्शस डिसीझेस'मध्ये, २०१२ च्या खंडात, जेमतेम तीन पानांत बसलेलं. उदवाडिया, अमाळे, अजबानी आणि रॉड्रिग्ज. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले चार रुग्ण, ज्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. पत्राने त्याला 'टोटली ड्रग रेझिस्टंट' म्हटलं. असे रुग्ण आधी इटलीतून २००७ मध्ये आणि इराणमधून २००९ मध्ये नोंदले गेले होते. भारतातून ही पहिली नोंद.

नकाशा डोळ्यासमोर आणा. हिंदुजा समुद्राच्या बाजूला. माहीम स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की धारावी. मधे रेल्वेचे रूळ. २०१० च्या लेखातली प्रिस्क्रिप्शनं आणि २०१२ च्या पत्रातले रुग्ण यांच्यात अंतर असलंच तर एवढंच.

पत्रातच त्याचा दुवा आहे. चारांपैकी तीन रुग्णांनी आधी निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांकडून औषधं घेतली होती. दीड वर्षात सरासरी चार डॉक्टर. दुसऱ्या फळीची औषधं, म्हणजे नेहमीची निकामी झाल्यावर द्यायची, एकेक करून वाढवलेली, बऱ्याचदा चुकीच्या डोसात, आणि कोणाची देखरेख नाही. 'एकेक करून' हे शब्द क्षयरोगाच्या माणसाला लगेच खटकतात. जंतू आधीच्या औषधांना दाद देत नसताना त्यात फक्त एकच नवं औषध घातलं, तर जंतूंसमोर खऱ्या अर्थाने ते एकटंच उभं राहतं. त्याला पुरून उरणारे मोजके जंतू वाढतात आणि काही महिन्यांत तेही औषध निकामी होतं. मग डॉक्टर आणखी एक घालतो. तेही जातं. मूळ चूक साधी, पण महिनोन्महिने ती करत राहिलं की रुग्णाला देण्यासारखं काही उरत नाही.

तक्त्यात हे कसं बसतं

आता माझं काम. समजा ही तीन लिखाणं माझ्याकडे बढतीच्या फाइलमध्ये आली असती. उदवाडिया खाजगी रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ, त्यांना हा फॉर्म भरायची वेळ आली असेल-नसेल. पण असंच काम करणारा आमच्यासारख्या कॉलेजातला एखादा तरुण डॉक्टर आला असता, तर?

सप्टेंबर २०१५ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने बढतीच्या लेखांबद्दल स्पष्टीकरण काढलं. फक्त मूळ संशोधन लेख धरायचे. डॉक्टर पहिला किंवा दुसरा लेखक असावा. केवळ इंटरनेटवर निघणारी नियतकालिकं धरायची नाहीत. त्यावर देशभरातल्या वैद्यकीय संपादकांनी टीका केली आणि पुढे नियम सैल झाले. २०२२ च्या नियमांत मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीजही आल्या. पत्राला मात्र त्यातही जागा नव्हती.

२०१५ ची मोजपट्टी लावून बघू. 'प्लॉस वन' फक्त इंटरनेटवर निघतं, म्हणून २०१० चा लेख बाद. तो बाद झाला नसता तरी उपलेकर त्यात तिसरे लेखक, म्हणून त्यांच्यासाठी बाद. २०१२ चं पत्र हे पत्र आहे म्हणून बाद. राहिला १९९१ चा एकटा लेख. एका शहरातल्या उपचारांचं वीस वर्षांचं निदान, आणि तक्त्यात एक ओळ.

बरं, सायटेशनच्या बाजूने बघितलं तर चित्र उलटं दिसतं. पत्राला शेकड्यांनी सायटेशन आहेत. एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. ज्याचे दहा लेख प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झाले आणि अकरावा तितका झाला नाही, त्याचा एच दहा. तिथे पत्र आणि लेख असा भेद नाही. तीनपानी पत्र तिथे एक भक्कम नोंद म्हणून उभं राहतं. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, काढताना तर याहून विचित्र प्रकार होतो. भागाकारात खाली मोजतात ते फक्त लेख आणि समीक्षा, पत्रं नाहीत. पण पत्राला मिळालेली सायटेशन वरच्या आकड्यात धरली जातात. म्हणजे गाजलेल्या पत्राने नियतकालिकाचा आकडा वाढतो, आणि ते लिहिणाऱ्या डॉक्टरला बढतीच्या फॉर्मवर शून्य मिळतं. हे मी पहिल्यांदा एका मॅडमना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं की मी नीट वाचलंय ना.

म्हणजे सायटेशनचा आकडा नियमापेक्षा बरा? मलाही आधी तसंच वाटलं. मग एका दुपारी ते पत्र उद्धृत करणारे लेख उघडून बसलो. किती वेळा, यापेक्षा कोणत्या वाक्यात, हे बघायचं होतं.

पुष्कळ ठिकाणी ते पहिल्याच परिच्छेदात येतं. क्षयरोग किती गंभीर आहे हे सांगताना 'भारतातही असे रुग्ण आढळले आहेत' एवढं एक वाक्य, त्यापुढे क्रमांक, आणि लेख आपल्या वेगळ्याच वाटेने निघून जातो. लेखकाने पत्र पूर्ण वाचलं असेल असं मानायला तिथे काही आधार नसतो. दुसरा गट वादाचा. 'टोटली ड्रग रेझिस्टंट' हे नाव योग्य आहे का? काही औषधांच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या पुरेशा भरवशाच्या नाहीत, नवी औषधं येऊ घातली आहेत, मग 'टोटली' कसं म्हणायचं? हा आक्षेप रास्त आहे. मार्च २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक घेतली आणि वेगळी व्याख्या करायची नाही असं ठरलं. केंद्र सरकारनेही हे नाव मान्य नसल्याचं सांगितलं होतं. या वादातली सगळी सायटेशन पत्राच्या खात्यात जमा झाली. विरोधाचं सायटेशनही तेवढंच मोजलं जातं, ते वजा होत नाही.

तिसरा गट लहान, पण तोच मला हवा होता. त्यात पत्रातलं 'एकेक करून', 'चार डॉक्टर', 'देखरेख नाही' हे उचललेलं दिसतं, आणि खाजगी डॉक्टरांचं काय करायचं हा प्रश्न पुढे नेलेला असतो. संख्येने थोडी सायटेशन, पण मला विचाराल तर पत्राचं खरं मोल त्यांत आहे.

इथेच आणखी एक अडचण येते, स्वतःच्याच लेखाचं सायटेशन. तक्ता करताना आम्ही ते वेगळं काढतो. समित्यांना ते खपत नाही, आणि स्वतःचेच लेख उगाच उद्धृत करून आकडा फुगवणारे खरोखर असतात. पण २०१२ च्या पत्राने २०१० च्या धारावीच्या पाहणीचा हवाला दिला, तेव्हा तो आकडा फुगवायला नव्हता. रुग्णाचे जंतू असे का झाले, याचं उत्तर त्याच पाहणीत होतं. ते उद्धृत केलं नसतं तर पत्र चार दुर्दैवी माणसांची गोष्ट होऊन राहिलं असतं. गाळणी लावली की नेमका हाच दुवा गळून पडतो.

जे कुठेच मोजलं जात नाही

मे २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयरोग 'नोटिफायेबल' केला. म्हणजे खाजगी डॉक्टरने क्षयाचा रुग्ण बघितला तर त्याची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक. जून २०१२ मध्ये क्षयाच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या रक्ताच्या सेरॉलॉजी चाचण्यांवर बंदी आली. २०१४ पासून मुंबईत खाजगी डॉक्टर आणि दवाखान्यांना कार्यक्रमाशी जोडण्याचा मोठा प्रकल्प चालला. २०१८ मध्ये रुग्ण न कळवणाऱ्यावर भारतीय दंडविधानाखाली कारवाईची तरतूद झाली.

हे सगळं एका पत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलं तर मान्यही करणार नाही. त्यामागे अनेकांचं अनेक वर्षांचं काम होतं. उपलेकर पुढे जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि सरकारी-खाजगी सहभागावरच काम करत राहिले. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सहलेखकांसह त्यांनी क्षयनियंत्रणातल्या या दुबळ्या दुव्याबद्दल लिहिलं. ती ओळ थेट १९९१ पर्यंत मागे जाते. पण जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हा विषय आला, दिल्लीहून पथक आलं, महापालिकेला उत्तर द्यावं लागलं, ते त्या पत्रामुळे. १९९१ चा आणि २०१० चा लेख तोवर छापून, उद्धृत होऊन, कपाटात होते. आकडे आधीपासून होते, पण चार माणसं समोर आली तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं.

तरी तिन्हींत मोठं काम कोणतं असं मला विचारलं, तर मी १९९१ चं म्हणेन. तोवर क्षयरोगाचं बरंचसं संशोधन जंतूवर, औषधावर, एक्स-रेवर चाललेलं होतं. डॉक्टरच्या पॅडवर काय लिहिलं जातं ते जाऊन बघायचं, आणि त्याला संशोधन म्हणायचं, हे धाडस होतं. शिवाय तो प्रश्न असा होता की वीस वर्षांनी तसाच पुन्हा विचारता आला आणि उत्तरं शेजारी ठेवून बघता आली. ८० आणि ६३. सार्वजनिक आरोग्यात प्रश्न पुन्हा विचारता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि सायटेशनच्या कुठल्याही आकड्यात ती दिसत नाही.

आणि ज्या वाचकासाठी हे सगळं लिहिलं गेलं, तो तर उद्धृत करतच नाही. धारावीतला दहा बाय दहाच्या दवाखान्यातला डॉक्टर प्रिस्क्रिप्शन बदलतो तेव्हा खाली तळटीप लिहीत नाही. वॉर्डातला आरोग्य अधिकारी प्रशिक्षणाचं वेळापत्रक करताना संदर्भसूची जोडत नाही. भौतिकशास्त्रात एकाचं काम पुढे नेणारा दुसरा शास्त्रज्ञ असतो, आणि तो लेख लिहितो, म्हणून मोजणी बऱ्यापैकी जमते. आमच्या पीएसएमवाल्यांचं काम पुढे नेणारी माणसं लेख लिहीतच नाहीत. हा एवढा फरक लक्षात घेतल्याशिवाय हृदयरोगाच्या आणि पीएसएमच्या डॉक्टरांचे एच-इंडेक्स एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापणं मला अन्याय वाटतो. मी स्वतः कित्येक वर्षं ते छापत आलो.

मॅडमची फाइल

हे सगळं वाचून झाल्यावर मी मॅडमना फोन केला. म्हटलं, ते पत्र घेऊन पुन्हा या.

नियम मी बदलू शकत नाही. पहिलं पान नियमाप्रमाणेच राहिलं: लेख, लेखकक्रम, नियतकालिक कुठल्या सूचीत आहे, सायटेशन, एच-इंडेक्स. पत्र त्यात घातलं नाही. पण मी एक दुसरं पान जोडायला लागलोय, आणि ते पहिल्यांदा त्यांच्यासाठी केलं. प्रत्येक लिखाणापुढे तीनच गोष्टी. प्रश्न कुठून आला. कोणी उद्धृत केलं आणि नेमक्या कोणत्या वाक्यात. उद्धृत न करता कोणी वापरलं.

तिसऱ्या रकान्यासाठी मॅडम आधी गप्प बसल्या. "सर, असं कोण सांगणार?" मग त्यांनी मोबाइल काढला आणि बराच वेळ फोटो मागे सरकवत राहिल्या. शेवटी एक सापडला. वॉर्डातल्या आरोग्य केंद्राची खोली, भिंतीला हिरवट ऑइलपेंट, आणि नोटीसबोर्डवर त्यांच्या पत्रातला तक्ता. कोणीतरी तो मराठीत हाताने उतरवून काढला होता, औषध सोडण्याची कारणं एकाखाली एक. 'कामाच्या वेळा' या ओळीखाली लाल पेनाने रेघ. दर मंगळवारी तिथे क्षयरोगाचे आरोग्यसेवक बसतात आणि ज्या रुग्णांची औषधं सुटली त्यांची यादी घेऊन त्या तक्त्याशी लावून बघतात. मॅडमचं नाव त्यावर नव्हतं. पत्राचा उल्लेखही नव्हता.

आस्थापनेतल्या क्लार्कने ते पान बघून विचारलं, हे कुठल्या रकान्यात टाकायचं? रकाना नव्हताच. मी म्हटलं, मागे पिन मारा.

मुलाखतीच्या दिवशी फाइल चाळताना एका सदस्यांनी ते पान उलटलं, फोटो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "हे अजून वापरतात तिथे?"

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "परवाच्या मंगळवारी मी तिथेच होते."